कोतवाल बुकातली एक ओळ

जातपडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून मी नागपुरात आबाजींच्या जन्माची कोतवाल बुकाची नक्कल काढली. इंग्रजांच्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर द्यायचा. त्याच या नोंदी. कोतवालही पुष्कळदा महारच.

ओळीत पणजोबांचं नाव, जात ‘महार’, आणि पुढे ‘मुलगा’. बस्स. बारशाआधीच खबर गेलेली असणार. 14 ऑक्टोबर 1956 ला आबाजींनी दीक्षाभूमीवर जो शब्द मागे टाकला, त्याच शब्दावर आज माझी ॲडमिशन अडलेली.

कागद आबाजींपुढे ठेवला. बोट फिरवत त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, जातीवर थांबतील.

‘‘माह्या मायचं नाव कुठी हाय?’’