घरात अजगर पाळणं किती सुरक्षित? रीलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

गळ्यात भलामोठा अजगर, चेहऱ्यावर हसू आणि खाली कमेंट: 'भाऊ, हा कुठे मिळतो?' असे रील तुमच्याही फीडमध्ये येत असतील. त्यात दिसणारा जाडजूड साप अनेकदा बर्मीज पायथन असतो. अमेरिकेत तो वर्षानुवर्षं पाळला गेला. एवढा मोठा साप सांभाळायला काय काय लागतं आणि भारतात कायदा काय सांगतो, जाणून घेऊया.

पिल्लू छोटं, जबाबदारी मोठी

अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू साधारण दीड-दोन फुटांचं असतं. भरपूर खायला मिळालं तर दोन-तीन वर्षांतच ते दहा फुटांच्या आसपास जातं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या 'बेबी' नावाच्या मादीचं वजन तब्बल १८२.८ किलो होतं. हा साप २० वर्षांहून जास्त जगू शकतो.

धोका नेमका कशात आहे?

अजगर बिनविषारी असतो. तो भक्ष्याला विळखा घालून मारतो. विळख्यात हाडं मोडतात किंवा श्वास कोंडतो, असा समज आहे. पण बोआ सापांवरचं एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झालं. विळखा बसताच उंदराचं रक्ताभिसरण काही सेकंदांतच कोलमडतं, असं त्यात दिसलं. म्हणजे मोठ्या सापाचा विळखा गळ्याला किंवा छातीला बसला, तर माणसाकडे विचार करायलाही फारसा वेळ नसतो.

हाताळताना काय पाळायचं?

• साप आठ फुटांच्या पुढे गेला की त्याला एकट्याने हाताळायचं नाही. दुसरी प्रौढ व्यक्ती त्याच खोलीत हवी, शेजारच्या खोलीत नाही. साप आणखी मोठा असेल तर आणखी माणसं लागतात.

• गळ्यात कधीच घालायचा नाही. फोटोसाठीसुद्धा नाही.

• हात आधी साबणाने धुवायचे. उंदराचा किंवा सशाचा वास आला तर साप हातालाच भक्ष्य समजू शकतो. नंतरही धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

• मान इंग्रजी 'एस'सारखी वळवून तो रोखून बघत असेल, तर पेटी बंद करायची.

• कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात. तेव्हा आणि खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. खाल्लेलं तो उलटून टाकू शकतो.

• चावला तर हात हिसकायचा नाही. दात आतल्या बाजूला वळलेले असल्याने जखम वाढते. विळखा बसला तर मदतीला आलेल्याने शेपटीच्या टोकाकडून तो उलगडायचा असतो.

जेवणाची वेळ सर्वात नाजूक

अजगराच्या ओठांवरच्या खड्ड्यांना उष्णता जाणवते. त्यामुळे समोर उंदीर असताना हाताची ऊबही त्याला भक्ष्यासारखी वाटू शकते. म्हणून खाणं लांब चिमट्यानेच द्यायचं असतं. जिवंत उंदीर सापालाच चावतो, त्यामुळे मेलेलं भक्ष्य देतात. पेटी उघडली म्हणजे जेवण आलं, असा सापाचा समज होऊ नये म्हणून एरवी त्याला आकड्याने हलकेच स्पर्श करून मगच उचलतात.

घर कसं हवं?

पूर्ण वाढलेल्या सापाला साधारण आठ फूट लांब आणि चार फूट रुंद बंदिस्त जागा लागते. एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसरी २५ ते २७. स्वतःला हवी तशी ऊब साप जागा बदलून घेतो. हीटरला थर्मोस्टॅट आणि जाळी हवीच, नाहीतर साप भाजतो. अख्खं अंग बुडेल एवढं पाण्याचं टब आणि लपायला जागाही लागते. झाकणावर वीट ठेवून भागत नाही. दाराला कुलूपच हवं आणि घरात लहान मूल असेल तर खोलीलाही.

मग भारतात पाळता येतो का?

भारतीय अजगर पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये तो येतो. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. बॉल पायथनसारख्या काही परदेशी सापांसाठी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. 'विकणारा म्हणतो चालतं' हा कोर्टात चालणारा बचाव नाही.

अमेरिकेनेही २०१२ साली बर्मीज पायथनच्या आयातीवर बंदी घातली. सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या अजगरांनी फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बस्तान बसवलं आणि तिथले ससे, रॅकून झपाट्याने कमी झाले. २०१० पासून त्या राज्यात तो नव्याने पाळीव म्हणून घेता येत नाही.

महाराष्ट्रात घराजवळ किंवा शेतात अजगर दिसला तर त्याला पकडू नका, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. लांबूनच लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.