पाळणाऱ्याची जबाबदारी: कायद्याच्या पाच ओळी, कोलाडमध्ये वाचताना

गावात कुत्र्यामांजरांचा विषय निघाला की बोलणे लगेच भटक्या जनावरांवर जाते. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र सुरुवात पाळणाऱ्यापासून करतो. त्याच्या चार आणि भारतीय न्याय संहितेच्या एका ओळीचा आशय घेऊन हे भाष्य.

“जनावर ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली आहे, त्याने त्याच्या सुस्थितीसाठी वाजवी ते सर्व उपाय करावेत.” (कलम ३)

कायदा नुसत्या मालकावर थांबलेला नाही. कुंडलिकेच्या काठच्या बंगल्यांत मालक शनिवार-रविवारी येतो. एरवी कुत्रा राखणदाराजवळ असतो. कर्तव्य दोघांवरही आहे. पण लशीचा आणि डॉक्टरचा खर्च राखणदाराच्या पगारातून निघणार नाही. तो भार मालकाचाच, असे मी मानतो.

“अवाजवी आखूड वा जड साखळीने फार काळ बांधून ठेवणे; सतत बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे.” (कलम ११)

साखळी किती लांब हवी, याचे माप कायद्यात नाही. ते जागा आणि ऋतू पाहून ठरवावे लागते. कोकणात जून ते सप्टेंबर अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पागोळ्यांखालून कोरड्यात सरकता येत नसेल, तर ती साखळी आखूडच.

“पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे.” (कलम ११)

येथे भाष्याची गरज नाही.

“सबळ कारणाशिवाय, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे.” (कलम ११)

सगळ्यांत जास्त मोडली जाणारी ओळ ही. मांजरीची पिल्ले पोत्यात घालून लांब सोडून येणे आपल्याकडे कुणाला गुन्हा वाटतच नाही. नको झालेला कुत्रा गाडीतून नेऊन महामार्गावर उतरवणे हाही तोच गुन्हा. शिक्षा? पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६०चे हे आकडे आजही तसेच आहेत, आणि हा कायद्याचा मोठा दोष आहे.

२०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराचे लसीकरण आणि नसबंदी मालकाने करायची असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना जिथून पकडले तिथेच सोडणे हे स्थानिक संस्थेचे काम. म्हणजे नसबंदी न केलेली कुत्री सोडून देणारा आपला खर्च ग्रामपंचायतीच्या माथी मारतो. त्यात ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस स्थानके आणि रेल्वे स्थानकांतून पकडलेले कुत्रे परत तिथे सोडू नयेत, असे सांगितले. कोलाड स्टेशनवर सोडलेल्या कुत्र्याला आता ती जागाही हक्काची नाही.

“जनावरापासून माणसाच्या जिवाला वा गंभीर दुखापतीला संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणे.” (भारतीय न्याय संहिता, कलम २९१)

सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत दंड १००० होता. ‘आमचा चावत नाही’ हा खुलासा पुरत नाही. निष्काळजीपणाही या कलमात येतो. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून कुत्र्याला दरवर्षी लस द्यायला हवी. मांजरालाही हवी, कारण त्याच्या चाव्यातूनही रेबीज होतो. कुणाला चावल्यास जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये.

कोलाड परिसरातल्या ग्रामपंचायतींना विनंती आहे: पाळीव कुत्र्यामांजरांची नोंदवही सुरू करण्याचा विषय ग्रामसभेत घ्या, बंगल्यांचे मालकही त्या नोंदीत येऊ द्या, आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरणाचे शिबिर भरवा.