बिनमद्य बिअरची पारख

मोड आणून वाळविलेले सातू म्हणजे माल्ट, हॉप वेलीची फुले, पाणी आणि यीस्ट या चार पदार्थांपासून बिअर तयार होते. बिनमद्य बिअरही बहुधा याच पदार्थांची असते. फरक एवढाच, की तिच्यात अल्कोहोल फारसे निर्माण होऊ दिलेले नसते किंवा निर्माण झाल्यावर ते काढून घेतलेले असते. मराठी वाचकास नीरा आणि ताडी यांतील भेद परिचित आहे. नीरा हा आंबण्यापूर्वीचा गोड रस. बिनमद्य बिअरला मात्र नीरेसारखे गोड राहून चालत नाही. तिला आंबल्याची चव हवी असते, पण आंबल्याचा अंमल नको असतो. तिच्या निर्मितीतील आणि परीक्षणातील बहुतेक अडचणी या विसंगतीतूनच उद्भवतात.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली 'निअर बिअर' विकून अनेक कारखान्यांनी तग धरला. नेहमीची बिअर तयार करून ती तापवावयाची आणि अल्कोहोल उडवून लावावयाचे, ही तेव्हाची प्रचलित रीत. त्याबरोबर सुगंधही उडून जात असे. चोरट्या अड्ड्यांवर याच बिअरमध्ये पुन्हा अल्कोहोल मिसळून ती विकली जाई, यावरून तिच्या मूळ चवीची कल्पना यावी. १९७९ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथून आलेल्या 'क्लाउस्टालर'ने या पेयाला बरी प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे क्राफ्ट बिअरवाल्यांनी, म्हणजे लहान प्रमाणावर आणि माल्ट व हॉपच्या निवडीत प्रयोग करीत बिअर बनविणाऱ्यांनी, या क्षेत्रात लक्ष घातले. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात २०१७ मध्ये स्थापन झालेल्या 'ॲथलेटिक ब्रूइंग'ने तर केवळ बिनमद्य बिअरच बनविण्याचे ठरविले. 'हायनेकेन ०.०' ही त्याच वर्षी बाजारात आली.

ही बिअर दोन मार्गांनी बनते, आणि परीक्षकास हे दोन्ही मार्ग ठाऊक असावे लागतात. कारण प्रत्येकाचे दोष वेगळे आहेत. पहिला मार्ग किण्वन मर्यादित ठेवण्याचा. त्यासाठी किण्वन लवकर थांबविले जाते किंवा 'सॅकरोमायकोडिस लुडविगी'सारखे यीस्ट वापरले जाते. माल्टच्या काढ्यातील प्रमुख साखर माल्टोज ही असते आणि हे यीस्ट ती पचवू शकत नाही. साहजिकच अल्कोहोल अल्प तयार होते, पण गोडवा मागे राहतो. शिवाय काढ्यातील अल्डिहाइड गटाच्या द्रव्यांचे यीस्टकडून पुरेसे रूपांतर होत नाही. नेहमीच्या बिअरमध्ये अल्कोहोल ही द्रव्ये बऱ्याच अंशी धरून ठेवते. येथे तो आधारही नसतो, म्हणून ती सहज नाकापर्यंत पोहोचतात. उकडलेल्या बटाट्याची किंवा शिजविलेल्या धान्याची आठवण करून देणारा जो वास अशा बिअरला येतो, त्याचे कारण हेच.

दुसरा मार्ग पूर्ण आंबलेल्या बिअरमधून अल्कोहोल काढून घेण्याचा. अल्कोहोल एरवी ७८ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु निर्वात पात्रात ते ४० अंशांच्या आसपास उडते, त्यामुळे बिअर करपत नाही. घरोघरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत असतो तसा आरओचा पडदाही यासाठी वापरतात. या मार्गाने काढ्याचा वास टळतो. मात्र केळी, सफरचंद यांसारख्या फळांची आठवण देणारी सुगंधी द्रव्ये अल्कोहोलबरोबर निघून जातात आणि घोट पाणचट लागतो. तेव्हा गोडसर व काढ्याच्या वासाची बिअर पहिल्या मार्गाची, आणि पातळ व निर्गंध बिअर दुसऱ्या मार्गाची, असा अंदाज बांधता येतो. अर्थात, आज अनेक उत्पादक दोन्हींचा मेळ घालतात.

इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन (गायकाशी केवळ नामसाम्य) यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात जगातील बिअरची प्रकारवार मांडणी केली. प्रत्येक बिअर तिच्या प्रकाराच्या मापानेच मोजावी, हा विचार त्यातून रुजला. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात : चवीला २०, गंधाला १२, एकंदर प्रभावाला १०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि रूपाला अवघे ३. बिनमद्य बिअर येथे कमी पडते ती मुख्यतः गंधात आणि स्पर्शात. अल्कोहोलची ऊब आणि दाटपणा तिच्यात नसतो. ओट, गहू यांच्या वापराने ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. या पेयाची खरी कसोटी लागते ती फिकट लागर प्रकारात. तेथे दोष लपवावयास जागाच नसते. हॉपचा भरपूर सुगंध असलेली इंडिया पेल एल किंवा भाजलेल्या माल्टची काळी स्टाउट त्या मानाने सहज निभावून जाते.

चव पाहताना पेला निखळ स्वच्छ हवा. साबणाचा वा तेलाचा अंश फेस मारून टाकतो. बिअर बर्फगार असेल तर जीभ बधिर होते. सहा ते आठ अंश तापमान पुरे. ओतताच प्रथम वास घ्यावा, कारण तो टिकत नाही. लोण्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास (ही शिळेपणाची खूण) किंवा हिरव्या व पारदर्शक बाटलीतील बिअरला उन्हाने येणारा उग्र दर्प हे दोष येथेच कळतात. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे गिळतात. कडवटपणाचा शेवट गिळल्यानंतर उमगतो. मात्र निर्णय पहिल्या घोटावर देऊ नये. पेला कोमट होऊ लागला, की थंडाईने झाकलेला काढ्याचा वास आणि चिकट गोडवा वर येतो. पेल्याचा शेवटचा तिसरा हिस्साही आवडीने संपला, तर बिअर साधली असे समजावे. लेबल झाकून परीक्षण करणे उत्तम, कारण 'शून्य' हा आकडा दिसताच अनेकांचे मत आधीच बनलेले असते.

महाराष्ट्राला क्राफ्ट बिअरची ओळख झाली ती २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'डुलाली'मुळे. हे नाव म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी बोलीतील रूप. बिनमद्य बिअर म्हणून दुकानांत जे मिळते, त्यात मात्र खरोखर आंबविलेल्या बिअरशेजारी माल्टचा अर्क, साखर आणि पुदिना वा स्ट्रॉबेरीचा स्वाद घातलेली शीतपेयेही असतात. ती वाईट असतात असे नव्हे. पण दोहोंना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. बाटलीवरील घटकांची यादी वाचली, की उलगडा होतो.

त्याच बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाणही पाहावे. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्य गणले जाते. जर्मनीत ०.५ टक्क्यापर्यंतची बिअर 'अल्कोहोलमुक्त' म्हणून विकता येते. ब्रिटनमध्ये याच शब्दासाठी दीर्घकाळ ०.०५ टक्के ही मर्यादा सुचविलेली होती. म्हणजे 'मुक्त' आणि '०.०' हे शब्द समानार्थी नव्हेत. अर्ध्या टक्क्याने नशा येत नाही. पिकलेल्या केळ्यातही अल्कोहोलचा अंश असतो. परंतु गर्भवती स्त्री, धर्माने मद्य वर्ज्य असलेली व्यक्ती यांच्या दृष्टीने तो आकडा महत्त्वाचा ठरतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला तर ०.०च्या बाटलीतील बिअरचा नुसता वासही जुन्या ओढीकडे नेऊ शकतो. चांगल्या परीक्षणात म्हणूनच गुणांआधी प्रमाण लिहिलेले असते.

अल्कोहोल नसल्याने आणखी एक संरक्षण जाते. आम्लता आणि अल्कोहोल मिळून नेहमीच्या बिअरमध्ये जंतूंना रोखतात. 'गिनेस ०.०' ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या बाजारात आली आणि सूक्ष्मजीवांच्या संसर्गाच्या शक्यतेमुळे नोव्हेंबरमध्ये परत मागवावी लागली; २०२१ मध्ये ती पुन्हा विक्रीस आली. पाश्चरीकरण केलेली, सीलबंद आणि ताज्या तारखेची बाटली किंवा कॅन निवडावा. नळातून मिळणारी बिनमद्य बिअर घ्यावयाची, तर तेथील नळ्यांच्या स्वच्छतेविषयी आधी विचारावे.