सावा नावाची जपानी पोरगी

फुटबॉल म्हटलं की आपल्याला कोल्हापूरच्या तालमी, गोवा नाहीतर कोलकाता आठवतं. जपान सहसा आठवत नाही, आणि जपानच्या बायकांचा फुटबॉल तर नाहीच नाही. पण गेले काही दिवस मी होमारे सावा या बाईबद्दल मिळेल ते वाचतोय. मंडळी, ही गोष्ट आपल्याही कामाची आहे असं माझं मत झालंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात थोडी मागून करतो. १९८० साली कालिकतला महिलांची आशियाई स्पर्धा झाली आणि त्यात भारत उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. आपल्या शांती मलिकला त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली महिला. आणि जपान? त्यांच्या महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९८१ साली, आणि तो हरलाही. म्हणजे शर्यतीत तेव्हा आपण पुढे होतो!

सावा १९७८ ची, टोकियोतल्या फुचूची. मोठा भाऊ फुटबॉल खेळायचा, म्हणून हीसुद्धा त्याच्या मागे मागे मैदानावर. मुलग्यांमध्येच खेळली. इथपर्यंत ही गोष्ट कुठल्याही गल्लीत घडते. खरा फरक पुढे पडतो. १९८९ साली जपानमध्ये महिलांची लीग सुरू झाली होती. त्यामुळे ही पोरगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिला जायला जागा होती. १९९१ मध्ये ती योमिउरी बेलेझा क्लबच्या मोठ्या संघात बायकांबरोबर खेळायला लागली. पंधराव्या वर्षी देशाच्या संघात आली आणि पहिल्याच सामन्यात फिलिपिन्सवर चार गोल केले.

म्हणून सगळं गोड गोड झालं असं समजू नका. जपानचा आर्थिक फुगा फुटला आणि संघ चालवणाऱ्या कंपन्या एकेक करून हात झटकू लागल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी संघ पात्रसुद्धा ठरला नाही. सावा त्याआधीच, १९९९ मध्ये, कॉलेज सोडून अमेरिकेला गेली होती. तिथे २००१ साली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि २००३ मध्ये बंद पडली. बाई परत आल्या. २००४ मध्ये ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यात उत्तर कोरियाशी गाठ होती. सावाचा गुडघा दुखावलेला, तरी इंजेक्शन घेऊन उतरली. टोकियोच्या स्टेडियममध्ये तीस हजारांवर लोक होते. जपान ३-० ने जिंकला. बायकांच्या फुटबॉलकडे देशाचं लक्ष गेलं ते तेव्हा.

मग २०११. मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने जपान हादरला होता. फुकुशिमाची वीजकंपनी महिलांचा एक संघ चालवायची, तो त्यानंतर बंदच पडला. जुलैमध्ये जर्मनीत वर्ल्ड कप. प्रशिक्षक सासाकी खेळाडूंना सामन्याआधी उद्ध्वस्त गावांची छायाचित्रं दाखवत. उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीला हरवणारा गोल कारिना मारुयामाने केला. ती पूर्वी त्याच फुकुशिमाच्या वीजकेंद्रात नोकरी करत होती. अंतिम सामना अमेरिकेशी. ११७ वं मिनिट, जपान १-२ ने मागे. आया मियामाने कॉर्नर मारला, सावा जवळच्या खांबाकडे धावली आणि गोलकडे जवळजवळ पाठ असताना पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू आत वळवला. पेनल्टी शूटआउटमध्ये जपान विश्वविजेता! सर्वाधिक पाच गोल सावाचे, आणि ती स्ट्रायकर नव्हे, मिडफिल्डर. त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडूही तीच.

आणि पुढच्या वर्षी? लंडन ऑलिंपिकला जाताना पुरुषांचा २३ वर्षांखालचा संघ बिझनेस क्लासमध्ये आणि या विश्वविजेत्या इकॉनॉमीत! खरं तर उलट हवं होतं, वयानेही आम्हीच मोठ्या, असं सावा तेव्हा म्हणाली होती. बायकांनी तिथून रौप्यपदक आणलं.

सहा वर्ल्ड कप, चार ऑलिंपिक, २०५ सामने आणि ८३ गोल. डिसेंबर २०१५ मध्ये तिने शेवटचा सामना खेळला, राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना, आणि विजयी गोलही तिचाच.

इकडे आपलं काय चाललं होतं? २००९ मध्ये भारताच्या महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच गेलं, कारण संघ सामनेच खेळत नव्हता. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात, जपाननंतर सत्तावीस वर्षांनी. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई स्पर्धा तर आपल्या दारात आली. आमच्या मानपाड्याहून (डोंबिवलीचा हं, ठाण्याचा नव्हे) शिळफाट्यावरून गेलं की नेरुळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जपानने थायलंडला ७-० ने हरवलं. भारत मात्र एकच सामना खेळला, मग संघात करोना शिरला आणि आपण स्पर्धेबाहेर.

माझी भाची बारा वर्षांची आहे. सोसायटीतल्या मुलांबरोबर खेळते आणि त्यांना छान चकवते. ताई विचारत होती, आता ही मोठी होतेय, हिला पुढे कुठे पाठवायचं? जवळपास दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. मुलींची वेगळी बॅच नाही, हेच उत्तर. सावाबद्दल वाचताना मला सारखं हेच आठवत होतं. जिद्द, गुण वगैरे आपल्या पोरींतही असतात हो. १९८० च्या मुलींनी ते दाखवलंही होतं. पण बाराव्या वर्षी जायला जागा लागते, आणि ती कुणीतरी आधीच करून ठेवावी लागते.

जुलै २०२५ मध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून प्रथमच आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तीसुद्धा मिडफिल्डरच!

डोंबिवली-कल्याणकडे कुठे मुलींचा फुटबॉल चालत असेल तर जरूर कळवा. ताईला सांगेन.