कुत्र्याने शिकवलेला आजार कुत्र्यातच दिसला नाही

१/
१९५३ साली अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या एका नियतकालिकात विल्यम हॅडलो या पशुवैद्यकातील विकृतिशास्त्रज्ञाचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता तीन कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी. मूत्रपिंडांलगत असणाऱ्या या इवल्याशा ग्रंथींची बाहेरची साल, म्हणजे बाह्यक, या तिन्ही कुत्र्यांत आक्रसून गेली होती. कुत्र्याला आपोआप जडलेल्या अधिवृक्क-अपयशाची पहिली नोंद म्हणून आज सहसा याच लेखाचा उल्लेख होतो.

२/
मित्रहो, यात नवल काय, असे वाटेल. नवल सनावळीत आहे. १९५३ पर्यंत कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून त्यांचे काय होते हे पाहण्याला जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. माणसाच्या या आजाराविषयी जे काही ठाऊक होते, त्यातील बराच भाग कुत्र्यांच्या देहावर शिकलेला होता. तरीही घरातला, अंगणातला कुत्रा याच आजाराने मरत असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. हा थ्रेड त्या शंभर वर्षांचा.

३/
सुरुवात मात्र त्याहून बरीच मागची. या ग्रंथींचे वर्णन सोळाव्या शतकात युस्टाकियस या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने केले. पण त्या असतात कशासाठी, हे कोणालाच उमगेना. १७१६ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील अकादमीने याच प्रश्नावर निबंधस्पर्धा जाहीर केली. आलेल्या निबंधांचे परीक्षण पुढे राज्यशास्त्रात अमर झालेल्या माँतेस्क्यूने केले आणि १७१८ मध्ये एकही निबंध पारितोषिकास पात्र नसल्याचा निवाडा दिला. परीक्षक म्हणून त्याचा हा निर्णय अगदी योग्य होता, असे आज म्हणता येते.

४/
१८५५ मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील टॉमस अॅडिसन यांनी एक पातळसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ११ रुग्णांची हकिकत होती. वाढती अशक्तता, मंद नाडी, ओकाऱ्या, त्वचेवर चढत जाणारी काळपट छटा आणि शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात या ग्रंथी बिघडलेल्या आढळत. कित्येकांच्या तर क्षयाने पोखरलेल्या. पुढे फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी या आजाराला अॅडिसनचेच नाव दिले.

५/
पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, ब्राऊन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्री, मांजरे, ससे, गिनीपिग अशा प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी मेले. जगण्यासाठी ही ग्रंथी अत्यावश्यक आहे, असा त्याचा निष्कर्ष. त्यावर फिलिपो नावाच्या संशोधकाने उलट पुरावा मांडला: त्याचे पांढरे उंदीर ग्रंथीवाचून जगले होते! उंदरांत या ऊतीचे सुटे तुकडे इतरत्रही असू शकतात आणि तेच त्यांना तगवतात, हे कळायला बराच काळ जावा लागला. कुत्र्याच्या बाबतीत मात्र निकाल बहुधा स्वच्छ लागे. म्हणूनच प्रयोगशाळांना कुत्रा पसंत पडला.

६/
मग वाट चुकली. १८९४ च्या सुमारास जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी या ग्रंथीचा अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला आणि रक्तदाब झपाट्याने चढला. हा अर्क ग्रंथीच्या आतल्या गाभ्याचा. त्यातूनच १९०१ पर्यंत शुद्ध अॅड्रिनलिन हाती आले. साहजिकच वाटले, अॅडिसनच्या रुग्णात याचीच उणीव असणार. रुग्णांना ते देऊन पाहिले. ते मरतच राहिले. प्राण गाभ्यात नव्हता, सालीत होता.

७/
येथे एक आडवळण घेतो, कारण त्याच लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजात १९०३ मध्ये विल्यम बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर केलेले प्रात्यक्षिक न्यायालयापर्यंत गेले. बेलिस अब्रुनुकसानीचा खटला जिंकले. पण विरोधकांनी १९०६ मध्ये बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभारला. वैद्यकाचे विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, दंगली झाल्या आणि १९१० मध्ये पुतळा रातोरात हलवण्यात आला. बेलिस यांचे सहकारी स्टार्लिंग यांनीच १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. संप्रेरकांचे शास्त्र आणि कुत्र्याच्या वेदनेचा वाद, दोघांचा जन्म असा एकाच दालनातला.

८/
त्या वादात दोन्ही पक्ष कुत्र्याविषयी बोलत होते. एकाला तो साधन वाटत होता, दुसऱ्याला हुतात्मा. तो रुग्णही असू शकतो, हा तिसरा विचार कोणी मांडल्याचे दिसत नाही.

९/
१९२० च्या दशकात क्लीव्हलँडमध्ये स्टुअर्ट व रोगॉफ यांनी ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांचा तपशीलवार अभ्यास केला. टोरांटोत इन्शुलिनचे बँटिंगही याच प्रश्नाकडे वळले. आता या कुत्र्यांचे वर्णन ऐका. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस कुत्रा ठीक असतो. मग अन्नावरची वासना उडते, ओकाऱ्या होतात, मागचे पाय लटपटतात, अंग थंड पडते. रक्तात युरिया वाढलेला. शेवटी तो कोसळतो.
आजचा कोणताही पशुवैद्य हे वाचून निदान सांगेल. त्या काळी हे ‘प्रयोगाचे निष्कर्ष’ होते. रोगाची लक्षणे म्हणून ते दवाखान्यापर्यंत पोहोचले नाहीत.

१०/
१९३० च्या आसपास सालीचा अर्क तयार झाला. बफेलोत हार्टमन यांनी आपल्या अर्काला ‘कॉर्टिन’ म्हटले. प्रिन्स्टनमध्ये स्विंगल व फिफ्नर यांच्या अर्कावर ग्रंथीविना प्राणी तगून राहू लागले आणि लगेच मेयो क्लिनिकमध्ये तो रुग्णांना दिला गेला. पण मला यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो तो मिठाचा शोध.

११/
न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लोब यांना अॅडिसनच्या रुग्णांच्या रक्तात सोडियम कमी आढळले. १९३३ मध्ये त्यांच्या गटाने ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांचा हिशेब मांडला: किती सोडियम पोटात गेले, किती मूत्रावाटे बाहेर पडले. उत्तर आले की कुत्र्याच्या देहातून मीठ गळून जात होते. मूत्रपिंड धडधाकट, पण सोडियम धरून ठेवण्याचा हुकूम देणारे संप्रेरक नाही. मिठामागे पाणी जाते, पाण्यामागे रक्तदाब. उलट पोटॅशियम आत साचते आणि हृदयाची गती मंदावते. भरपूर मीठ दिले की कुत्रा सावरतो, माणूसही सावरतो. स्वयंपाकघरातील मिठाने जे साधले, ते तोवर शुद्ध अॅड्रिनलिनला साधले नव्हते.

१२/
मग पशुवैद्यांच्या हे लक्षात का आले नाही? एक कारण सरळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पशुवैद्यक म्हणजे मुख्यतः घोडा आणि गुरेढोरे. पाळीव कुत्र्याचे वैद्यक मागून आले. दुसरे कारण यंत्राचे. रक्तातील सोडियम-पोटॅशियम मोजणे हे किचकट, वेळखाऊ रसायनकाम होते. १९४० च्या दशकाच्या मध्यास ज्योतीच्या रंगावरून मोजणारे फ्लेम फोटोमीटर आले, तेव्हा ते सोपे झाले.
आणि तिसरे, सर्वांत अवघड कारण म्हणजे हा आजार पक्का बहुरूपी आहे. आज पोटाचा विकार भासतो, उद्या विषबाधा, परवा मूत्रपिंड निकामी झाल्यासारखे दिसते. मध्येच सलाईन मिळाले की कुत्रा ताजातवाना होतो आणि मालक म्हणतो, बरा झाला.

१३/
मूत्रपिंडाचा चकवा तर जीवघेणा. युरिया वाढलेला, मूत्र पातळ, कुत्रा मरणपंथाला. मूत्रपिंडे संपली, असे ठरवून हात टेकायचे. प्रत्यक्षात ती पाण्याअभावी उपाशी असतात. सलाईन आणि संप्रेरक मिळाले तर पुन्हा काम करू लागतात. असे किती कुत्रे चुकीच्या निदानावर गेले असतील, याची मोजदाद होऊ शकत नाही. शवविच्छेदनात कोणी ती ग्रंथी उघडून पाहिली तरच कळणार. हॅडलो यांनी ती पाहिली.

१४/
हॅडलो हे पाहणारे गृहस्थ होते. १९५९ मध्ये लंडनमधील एका प्रदर्शनात न्यू गिनीतील ‘कुरू’ या माणसांच्या मेंदूरोगाची चित्रे पाहताच, हे तर मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’सारखे आहे, हे त्यांनी ओळखले आणि तसे पत्र ‘लॅन्सेट’ला धाडले. त्या सूचनेवरून पुढे चिंपांझींवर प्रयोग झाले आणि गायदुशेक यांना १९७६ चे नोबेल मिळाले. प्राण्याच्या आजारातून माणसाचा ओळखणे, माणसाच्या आजारातून प्राण्याचा ओळखणे. हॅडलो यांची नजर दोन्हीकडे चाले.

१५/
निदानाच्या कसोटीचा प्रवासही असाच माणसाकडून कुत्र्याकडे आला. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘एसीटीएच’ हे संप्रेरक सोडून अधिवृक्काला कामाला लावते. १९४८ मध्ये बॉस्टनचे जॉर्ज थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली: हे संप्रेरक बाहेरून टोचायचे आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी मोजायच्या. ग्रंथी जिवंत असेल तर ती कॉर्टिसोल सोडते आणि पेशी घटतात. घटल्या नाहीत, तर ग्रंथी मेली. कॉर्टिसोल थेट मोजण्याची सोय नसताना त्याची पावले मोजण्याचा हा प्रकार!

१६/
पुढे दोन गोष्टी घडल्या. याच संप्रेरकाचा २४ अमिनो आम्लांचा कृत्रिम तुकडा स्वित्झर्लंडमध्ये १९६१ मध्ये तयार झाला. आणि रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअसे तंत्राने रक्तातील कणभर संप्रेरकही मोजता येऊ लागले. आज कुत्र्यासाठी हीच निर्णायक चाचणी आहे. रक्त घ्यायचे, तो कृत्रिम तुकडा टोचायचा, तासाभराने पुन्हा रक्त घ्यायचे. दोन्ही वेळा कॉर्टिसोल दर डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या खाली राहिले, तर अधिवृक्क-अपयश निश्चित. पहिल्याच नमुन्यात ते २ च्या वर असेल, तर हा आजार असण्याची शक्यता फार कमी.

१७/
चाचणीआधी शंका यावी लागते आणि ती जुन्या खुणांवरूनच येते. सोडियमला पोटॅशियमने भागले तर निरोगी कुत्र्यात उत्तर साधारण २७ ते ४० येते. त्याखाली आले की कान टवकारायचे. रक्तदाब ढासळलेल्या कुत्र्याची नाडी धावायला हवी. ती संथ असेल तर पोटॅशियम आठवायचे. आणि एवढ्या आजारी कुत्र्याच्या रक्तात लिम्फोसाइट व इओसिनोफिल पेशी ताणामुळे घटलेल्या असायला हव्यात. त्या जशाच्या तशा असतील तर? थॉर्न यांचीच युक्ती, फक्त इंजेक्शनाऐवजी येथे आजारानेच ताण दिलेला.

१८/
तरी बहुरूप्याची सोंगे संपत नाहीत. १९८५ मध्ये अमेरिकी पशुवैद्यांनी दाखवले की आतड्याच्या काही विकारांतही सोडियम-पोटॅशियमचे गुणोत्तर हुबेहूब असेच बिघडते. चाबूककृमी नावाच्या आतड्यातील जंतामुळेही तसे होते. अधिवृक्क ठणठणीत, पण आकडे अॅडिसनचे. उलट काही कुत्र्यांत फक्त कॉर्टिसोल संपते, क्षार अगदी सुरळीत असतात. म्हणजे केवळ गुणोत्तरावर विसंबणारा दोन्हीकडे फसतो.
आणखी एक खोच: उपचाराच्या घाईत आधीच प्रेडनिसोलोन दिले असेल, तर प्रयोगशाळेला ते कॉर्टिसोलसारखेच दिसते आणि चाचणी बिघडते. म्हणून तातडीच्या वेळी अनेकदा डेक्सामेथासोन निवडतात. ते मापनात मिसळत नाही.

१९/
आता कळते की बहुतेक कुत्र्यांत स्वतःची प्रतिकारशक्तीच या सालीवर उलटते. मोठा पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग, बिअर्डेड कॉली अशा काही जातींत हा आजार घराण्यात चालतो. बहुतेक रुग्ण तरुण किंवा मध्यमवयीन असतात. साल जवळजवळ पूर्ण जाईपर्यंत कुत्रा वरून धड दिसतो. मग पाहुण्यांची वर्दळ, प्रवास असे साधेसे निमित्त होते आणि तो कोसळतो.

२०/
निदान झाले की मात्र उपचार आहे आणि तो चांगला आहे. १९३७ मध्ये श्टायगर व राइखश्टाइन यांनी डिऑक्सिकॉर्टिकोस्टेरोन हे मीठ धरून ठेवणारे संप्रेरक प्रयोगशाळेत घडवले. थॉर्न यांनी त्याच्या गोळ्या त्वचेखाली बसवण्याची पद्धत रुजवली; अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनाही अशा गोळ्या बसवल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९५४ नंतर फ्लुड्रोकॉर्टिसोनची तोंडाने घ्यायची गोळी आली आणि माणसांसाठी हे जुने औषध मागे पडले. त्याचेच दीर्घकाळ टिकणारे रूप १९९८ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी मंजूर झाले. साधारण महिन्याला एक इंजेक्शन, जोडीला प्रेडनिसोलोनची थोडी मात्रा. एवढ्यावर कुत्रा आपले पूर्ण आयुष्य जगू शकतो.