कबुतरखान्यातली घरं

रेडिओवर चित्र दाखवायची सोय नाही, तेव्हा मी सांगतो तसं डोळ्यांसमोर आणा. आधुनिक शहराच्या मध्यावर काँक्रीटचा एक प्रचंड चौकोनी ठोकळा आहे, आतून पोकळ. आतल्या भिंतींना खालपासून वरपर्यंत फडताळासारखे कप्पे. एकेका कप्प्यात एकेक जुनं घर ठेवलंय, छपरासकट, धुराड्यासकट. आणि मधल्या पोकळीत टांगलाय एक भला मोठा गोळा, इमारती पाडायला वापरतात तसला.

मॉस्कोचे दोन वास्तुविशारद, अलेक्झांडर ब्रॉडस्की आणि इल्या उत्किन, यांचं हे १९८९-९० सालचं एचिंग. नाव लॅटिन, 'कोलंबेरियम हॅबिटाबिले'. कोलंबेरियम म्हणजे मुळात कबुतरखाना. प्राचीन रोममध्ये मृतांच्या रक्षेचे कलश कोनाड्यांत ठेवत, त्या दालनालाही हेच नाव पडलं. हॅबिटाबिले म्हणजे राहण्याजोगा. राहण्याजोगं मृतांचं दालन! आपणही कोंदट खोलीला खुराडं म्हणतोच की.

चित्राला एक गोष्ट जोडलेली आहे. ज्याचं जुनं घर पाडायचं ठरलं, त्याच्यापुढे दोन वाटा. घर सोडून नवा फ्लॅट घ्यायचा, नाहीतर घरासकट या कप्प्यात येऊन राहायचं. माणसं आत राहतात तोवर घर उभं. ती कंटाळून निघून गेली की गोळा फिरतो आणि रिकाम्या कप्प्यात पुढचं घर येतं.

मग हे संग्रहालय की तुरुंग? मी पुष्कळदा पाहिलं, चित्र काही कबूल करत नाही.

दोघांचाही जन्म १९५५ चा. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोव्हिएत सरकारने बांधकामातल्या 'अतिरेका'विरुद्ध फर्मान काढलं. खांब, नक्षी, शिखरं बंद. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून पाच मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. ख्रुश्चेव्हच्या नावावरून लोक त्यांना 'ख्रुश्चोव्का' म्हणू लागले. साठच्या दशकात जुन्या अर्बात भागातल्या गल्ल्या कापून रुंद कालिनिन मार्ग काढला. आज नाकं मुरडणं सोपं आहे. पण चार-पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर वाटून घेणाऱ्यांना स्वतःचं दार, स्वतःचा नळ मिळाला, हे विसरू नये.

ही दोघं १९७८ मध्ये शिकून बाहेर पडली तेव्हा वास्तुविशारदाला स्वतःचं म्हणून काही करायला जागाच नव्हती. मग त्यांच्या पिढीतले काहीजण कागदावरच बांधू लागले आणि परदेशी स्पर्धांना चित्रं पाठवू लागले. १९८२ मध्ये जपानमधल्या स्पर्धेत या जोडीच्या 'क्रिस्टल पॅलेस'ला पहिलं बक्षीस मिळालं. १९८४ मध्ये मॉस्कोत या मंडळींचं प्रदर्शन भरलं. त्याचं नाव 'कागदी वास्तुकला'.

हे चित्र मला अस्वस्थ करतं, त्याचं कारण घरगुती आहे. आमच्या मोहल्ल्यातलं अब्बांचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं, तेव्हा कागदावर माझीही सही लागली. हात थरथरला वगैरे काही नाही. पंधरा वर्षांत मी तिथे एक रात्र झोपलो नव्हतो. त्या घरावर कविता मात्र बऱ्याच लिहिल्या होत्या. तिथे राहणाऱ्या चुलतभावाच्या बायकोने एवढंच विचारलं, "भाईजान, नव्या घरात संडास आत असेल ना?" कप्प्याचा नियम लावला, तर ते घर राखायचा हक्क तिचा होता, आणि तिला ते नको होतं.

पुढे मॉस्कोत उलटच झालं. २०१७ मध्ये त्या ख्रुश्चोव्काच पाडायची योजना आली. पाच हजारांहून अधिक इमारती, दहा लाखांच्या आसपास माणसं. हजारो लोक विरोध करायला रस्त्यावर उतरले. ज्या ठोकळ्यांनी जुनी घरं गिळली, तेच आता कुणाचं तरी जुनं घर झाले होते.

ब्रॉडस्की आणि उत्किन १९९३ मध्ये वेगळे झाले. ब्रॉडस्कीने २००३ मध्ये मॉस्कोजवळ एक छोटा मंडप उभारला. पाडलेल्या कारखान्याच्या ८३ जुन्या खिडक्या जोडून भिंती केल्या आणि सगळ्याला पांढरा रंग दिला. मंडप कशासाठी, तर वोडका पिण्याच्या समारंभासाठी!

मीही आमच्या दाराची सागवानी चौकट उचलून आणली. फ्लॅटमध्ये ती कुठेच बसेना, म्हणून गॅलरीत उभी केली आहे. पावसाळ्यात तिच्यावर कपडे वाळत असतात.