निर्बीजीकरणानंतर पिल्लू शांत होते का?

सात-आठ महिन्यांची लॅब्रेडोर मादी सोफ्याच्या उशा फाडते, दाराची घंटा वाजताच पाहुण्यांच्या अंगावर उड्या घेते आणि फिरायला नेणाऱ्यालाच पट्ट्यासकट ओढत नेते. घरातली माणसे मेटाकुटीला आली, की सल्ल्यांची रीघ लागते. सोसायटीच्या बागेत रोज भेटणारे श्वानप्रेमी, शेजारी, नातेवाईक सगळेच एक उपाय सुचवतात, 'ऑपरेशन करून टाका, शांत होईल.' शस्त्रक्रिया होते, महिना-दोन महिने जातात आणि उशा पूर्वीसारख्याच फाटत राहतात. 'एवढे करूनही सुधारली नाही' असा शिक्का बसलेली कुत्री कधी दुसऱ्याच्या घरी धाडली जाते, तर कधी थेट रस्त्यावर सोडली जाते. शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे त्या आधीच समजून घेतलेले बरे.

मादीच्या निर्बीजीकरणात बहुधा दोन्ही अंडाशये आणि गर्भाशय काढून टाकले जाते. युरोपातील अनेक देशांत केवळ अंडाशये काढण्याची पद्धत आहे. वर्तनाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच, कारण संप्रेरके तयार होतात ती अंडाशयात. लोकांच्या तोंडी 'नसबंदी' हा शब्द रुळला असला, तरी तो थोडा फसवा आहे. माणसांच्या नसबंदीत केवळ नलिका बंद होते आणि संप्रेरकांचे काम चालूच राहते. कुत्रीच्या बाबतीत संप्रेरकांचा कारखानाच बंद होतो.

आता हा कारखाना चालतो कसा, ते पाहू. पाळीव मादी साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. लहान चणीच्या जातींत हे लवकर घडते, तर मोठ्या जातींत कधी कधी दीड-दोन वर्षेही लागतात. माज दोन ते तीन आठवडे टिकतो. त्यानंतर, गर्भ राहो अथवा न राहो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल असतो. मग पुढचा माज येईपर्यंत काही महिने अंडाशये जवळपास स्वस्थ असतात. आपल्याकडे कुत्र्यांचा भाद्रपद प्रसिद्धच आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची वीण पावसाळ्याच्या अखेरीस आणि शरदात होते व हिवाळ्यात पिल्ले जन्मतात, हे जयपूरमधील पशुवैद्यकांच्या निरीक्षणांतूनही दिसून आले आहे. घरातल्या कुत्र्यांना मात्र भाद्रपदाचे एवढे बंधन नाही. त्या वर्षातून साधारण दोनदा, कोणत्याही महिन्यात माजावर येतात.

नर आणि मादी यांच्यातील मोठा फरक येथेच आहे. नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बारमाही वाहते. म्हणूनच त्याचे अंडकोष काढल्यावर मादीच्या शोधात भटकणे, चढणे, जागोजागी लघवी करणे हे प्रकार अनेक नरांत ठळकपणे कमी होतात. मादीची संप्रेरके हंगामी असतात. दोन माजांच्या मधल्या स्वस्थ काळात आपली कुत्री जशी वागते, साधारण तशीच ती शस्त्रक्रियेनंतर बारा महिने वागेल, असा ठोकताळा बांधता येतो. त्या काळातही ती घर डोक्यावर घेत असेल, तर दोष अंडाशयांना देता येणार नाही.

काय थांबते?

माजाच्या काळातील रक्तस्राव, बेचैनी, वारंवार लघवी करून गंध सोडणे, दार उघडे दिसताच पळून जाणे, इमारतीखाली जमणारे नर आणि त्यांची भांडणे हे सारे थांबते. माजानंतरचे खोटे गर्भारपणही टळते. दीड-दोन महिन्यांनी काही माद्यांच्या आचळांत दूध येते. त्या कोपऱ्यात बिछाना खरवडून 'घर' करतात, एखादी चप्पल किंवा खेळणे पिल्लासारखे कवटाळून बसतात आणि जवळ येणाऱ्यावर गुरगुरतात. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो. प्रत्यक्षात प्रोजेस्टेरॉन ओसरून प्रोलॅक्टिन वाढल्याचा तो परिणाम असतो. नेमक्या याच काळात शस्त्रक्रिया केली, तर ही लक्षणे लांबू शकतात. म्हणून माजानंतर दोन-तीन महिने थांबण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात.

उत्साहाचे काय? धावणे, चावणे, उकरणे, उड्या मारणे यांचे मूळ वयात, जातीत आणि दिवसभरात मिळणाऱ्या व्यायामात असते. शिकार उचलून आणण्यासाठी आणि मेंढ्या राखण्यासाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेल्या जाती दोन खोल्यांच्या घरात आठ तास एकट्या राहिल्या, तर काय होणार? मोठ्या जातींचे पिल्लूपण दीड-दोन वर्षांपर्यंत ओसरत जाते. शस्त्रक्रिया बहुधा याच टप्प्यात होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते आणि श्रेय शस्त्रक्रियेला मिळते. शिवाय भूल, वेदनाशामक औषधे आणि टाके यांमुळे पहिले काही दिवस कुत्री खरोखरच गप्प असते. हाच तिचा नवा स्वभाव, असे समजणाऱ्यांचा भ्रम पंधरवड्यात फिटतो.

'आळशी' झालेल्या कुत्र्यांची गोष्ट निराळी आहे. अंडाशये काढल्यानंतर शरीराची ऊर्जेची गरज सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. भांड्यातला भात-चिकनचा वाटा तोच राहिला, वर चहाबरोबर बिस्किटे चालू राहिली, की वजन चढते. जड झालेली कुत्री जिना चढताना थांबते आणि घरचे म्हणतात, बघा, शांत झाली! ही शांतता सांध्यांना आणि हृदयाला महागात पडते. वाढ पूर्ण झालेल्या मादीचा आहार शस्त्रक्रियेनंतर लगेच कमी करावा आणि दर महिन्याला वजन पाहावे. वाढत्या पिल्लाच्या आहाराचे प्रमाण पशुवैद्यकालाच विचारावे.

भीती आणि आक्रमकता

स्वभाव सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहायला हवे. ब्रिटनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ओ'फॅरेल आणि पीची यांच्या अभ्यासात, वर्षाच्या आतील आणि आधीच गुरगुरण्याची सवय असलेल्या माद्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतर घरच्या माणसांविषयीची आक्रमकता वाढलेली आढळली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये मालकांनी भरलेल्या हजारो प्रश्नावल्या तपासल्या. ज्या माद्यांना आयुष्यात नैसर्गिक संप्रेरकांचा सहवास कमी लाभला, त्यांच्यात भित्रेपणाशी निगडित काही वर्तने अधिक दिसली. उलट, २०१८ मधील एका मोठ्या पाहणीत ओळखीची माणसे व इतर कुत्री यांच्याविषयीच्या आक्रमकतेशी शस्त्रक्रियेचा संबंध आढळला नाही. अनोळखी माणसांबाबत मात्र किंचित वाढ होती. मालकांच्या उत्तरांवर आधारलेल्या पाहण्यांना मर्यादा असतात. भित्र्या किंवा चिडखोर कुत्रीची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता मुळातच जास्त असू शकते. तरीही फटाक्यांना, पाहुण्यांना, रिक्षाच्या आवाजाला घाबरणारे पिल्लू अंडाशये काढल्याने धीट होईल, याला कोणत्याही अभ्यासाचा आधार नाही.

मग रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाने चावे कमी होतात, असे म्हणतात ते कसे? जयपूरमधील मोहिमेवरचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत उद्बोधक आहे. मोहिमेच्या काळात तेथे श्वानदंशाचे रुग्ण घटले. रस्त्यावरील चाव्यांमागे पिल्लांचे रक्षण करणारी आई हे एक महत्त्वाचे कारण असते. पिल्लेच जन्मली नाहीत, तर आईच्या रागाचे निमित्तही उरत नाही. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणाऱ्या लॅब्रेडोरला हे गणित लागू पडत नाही.

वेळ कोणती?

शस्त्रक्रियेच्या बाजूची खरी कारणे आरोग्याची आहेत. गर्भाशयात पू होण्याचा 'पायोमेट्रा' हा विकार जीवघेणा ठरू शकतो. स्वीडनमधील विमा नोंदींनुसार शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत तो गाठतो. गर्भाशयासह अंडाशये काढल्यास हा धोका जवळपास संपतो. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास स्तनग्रंथींच्या गाठींचे प्रमाण अत्यल्प राहते, असे १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासापासून सांगितले जाते. पुढील पुनरावलोकनांनी त्या पुराव्याला कमकुवत ठरवले आहे, हेही नोंदवायला हवे.

दुसऱ्या पारड्यात सांधे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींची माहिती प्रसिद्ध केली. अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास सांध्यांच्या विकारांचे प्रमाण वाढलेले दिसले. लहान जातींत बहुतांशी तसे आढळले नाही. संप्रेरके हाडांची वाढ थांबवण्याचा इशारा देतात. तो इशारा न मिळाल्यास हाडे थोडा अधिक काळ वाढत राहतात. मोठ्या जातींच्या काही माद्यांना पुढे झोपेत लघवी होण्याचा त्रासही होतो. त्यावर औषधे आहेत. त्यामुळे सर्व कुत्र्यांना लागू पडेल असे एकच वय सांगता येत नाही. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड यांच्यासाठी थांबणे आणि छोट्या पॉमेरेनियनसाठी लवकर करणे, असे दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. घरात निर्बीजीकरण न झालेला नर असेल, तर मात्र फार थांबण्याची सोय नसते.

शस्त्रक्रियेनंतर १० ते १४ दिवस धावणे, उड्या, जिने आणि अंघोळ बंद ठेवावी लागते व टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचे नरसाळे अडकवावे लागते. उत्साही पिल्लाच्या घरी हाच काळ सर्वांत कठीण जातो. पट्टा बांधून दिवसातून चार-पाच वेळा छोटे फेरे, पोळीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला लावणे, 'बस' आणि 'थांब' यांचा सराव, असे उद्योग तिला द्यावे लागतात. टाके निघाल्यावर सकाळ-संध्याकाळ मनसोक्त पळणे सुरू झाले, तरी हे शोधाचे खेळ बंद करू नयेत. उशा वाचल्या, तर त्या यामुळेच वाचतील.